जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट : मीटर नको, पावती पाहा

बदलापूर हे नाव कसे पडले, याची एक गोष्ट इथली जुनी माणसे सांगतात. सुरतेच्या वाटेवरचे स्वार या गावी थांबत, थकलेले घोडे सोडून ताजे घोडे घेत आणि पुढे निघत. घोडे बदलायचे गाव, म्हणून बदलापूर. ही गोष्ट खरी की दंतकथा, हे इतिहासकारांनी ठरवावे. व्यापारी माणसाने तिच्यातून एवढेच घ्यावे, की घोडा वाटेत कोसळण्याची वाट कोणी पाहत नसे. तो पायांवर उभा असतानाच बदलला जाई.

आज घोड्याची जागा सेकंड हँड मोटारीने घेतली आहे. बदलापूर गावापासून अंबरनाथ-उल्हासनगरपर्यंत किती तरी कापडवाले, बेकरीवाले, सुतार, प्लंबर आणि वायरमन जुन्या गाडीवर आपला धंदा चालवतात. यात कमीपणा मुळीच नाही. कर्ज काढून नवी गाडी दारात उभी करण्यापेक्षा रोखीने जुनी घेणे केव्हाही शहाणपणाचे. मात्र गाडी घेताना आपण रंग पाहतो, टायर पाहतो, बॅटरी पाहतो, मीटरवरचे किलोमीटर पाहतो आणि सौदा पक्का करतो. जो एक पट्टा सगळे इंजिन बसवू शकतो, त्याची चौकशी फारच थोडे लोक करतात. तो पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट.

हा दात असलेला रबरी पट्टा असतो आणि त्याच्या आत काचतंतूंचे मजबूत धागे असतात. इंजिनच्या खालच्या क्रँकची फिरकी तो वरच्या कॅमपर्यंत पोचवतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे कॅमची बरोबर एक फेरी, हा हिशेब तो सांभाळतो. त्यामुळे पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह त्याच्या वाटेतून बाजूला झालेले असतात. पट्टा तुटला की कॅम जागीच थांबतो, पिस्टन मात्र चालत राहतात. काही इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी जागा असते, तिथे गाडी नुसती बंद पडते. बाकीच्यांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. डिझेल इंजिनात तर ही जागा फारच कमी असते. मग व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावे लागते, कधी पिस्टनही जातात.

आमच्या ओळखीच्या एका तयार कपड्यांच्या व्यापाऱ्याचे असेच झाले. उल्हासनगरहून माल भरायचा आणि मुरबाडकडच्या बाजारांत विकायचा, हा त्यांचा धंदा. जुनी डिझेल मोटार घेताना विकणाऱ्याने सांगितले, "बेल्ट बदललेला आहे, काळजी नको." यांनी विश्वास ठेवला. ईदच्या आधीच्या बाजाराला माल भरून पहाटे निघाले आणि बारवी धरणाच्या पुढे गाडी एकाएकी बंद पडली. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलके फिरे, पण सुरू होईना. गाडी ओढून आणली, हेड खोलले, तर व्हॉल्व्ह वाकलेले. दुरुस्तीचा खर्च झालाच. पण वर्षातला सर्वांत मोठा बाजार गेला आणि उधारीवर आणलेला माल घरी पडून राहिला. पुढे चौकशी केली तेव्हा कळले, की विकणारा खोटे बोलला नव्हता. बेल्ट बदलला होता खरा, पण तो फॅन बेल्ट होता!

हे उदाहरण मुद्दाम दिले. फॅन बेल्ट बाहेर दिसतो, सैल झाला की किंचाळतो, आपल्याला सावध करतो. टायमिंग बेल्ट झाकणाआड असतो आणि बहुतेक वेळा काहीही सूचना न देता जातो. म्हणून "आवाज येत नाही, मग कशाला छेडायचे?" हा युक्तिवाद इथे कामाचा नाही. आरटीओत पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण होते तेव्हा गाडी तपासली जाते. पण या पट्ट्याचे झाकण तिथे कोणी उघडत नाही.

मग बदलावा केव्हा? गाड्यांच्या पुस्तिकांत ही मर्यादा साधारणपणे साठ हजार ते एक लाख किलोमीटरच्या दरम्यान दिलेली आढळते. आपल्या गाडीची जी असेल ती पुस्तिकेतच पाहावी. शिवाय रबराला वयही असते. गाडी कमी चालली तरी उन्हाने, इंजिनच्या उष्णतेने ते कडक होत जाते. चार-पाच वर्षे झाली की किलोमीटर कितीही असोत, पट्टा म्हातारा झाला असे धरून चालावे.

आमचे स्पष्ट मत असे, की जुन्या गाडीच्या बाबतीत मीटरला पुरावा मानूच नये. एक तर मीटर मागे फिरवता येते, हे आता कोणाला सांगायला नको. दुसरे असे, की खरे मीटरही अर्धेच सांगते. काटई-बदलापूर रस्त्याच्या कोंडीत गाडी तासभर रखडली, तर मीटरवर चार-पाच किलोमीटर पडतात. इंजिन मात्र पूर्ण तास फिरलेले असते आणि पट्टाही. बाजारात, गल्लीबोळांत माल पोचवणाऱ्या गाडीचे चाळीस हजार किलोमीटर हायवेवरच्या गाडीच्या चाळीस हजारांपेक्षा जास्त झिजवणारे असतात.

म्हणून नियम साधा ठेवावा. टायमिंग बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहिलेली पावती असेल तर तिच्यावरून हिशेब करावा. पावती नसेल तर बेल्ट बदललेला नाही असे समजावे, गाडी ताब्यात घेतल्याच्या आठवड्यातच तो बदलावा आणि तेवढी रक्कम सौद्यातून कमी करून मागावी. वरचे झाकण काढून पाहणे चांगले. भेगा, झिजलेल्या कडा, तुटलेले दात किंवा तेलाचा ओलावा दिसला तर एक दिवसही थांबू नये. पण पट्टा दिसायला चांगला आहे म्हणून निर्धास्तही होऊ नये. आतल्या धाग्यांची कमजोरी वरून दिसत नाही.

आपल्या भागातील लोकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उल्हास नदीने २६ जुलै २००५ ला, पुढे २७ जुलै २०१९ ला आणि २०२१ च्या जुलैतही या पट्ट्यात पाणी भरले. २०१९ मध्ये तर बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसच पुरात अडकली होती. अशा पुरात उभ्या असलेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात येतात. पाण्याबरोबर गेलेला चिखल पट्ट्याच्या दातांत आणि बेअरिंगमध्ये बसतो. गाडी बुडालेली असल्याचा संशय जरी आला तरी पावती असो वा नसो, पट्टा बदलावाच.

काही मिस्त्री म्हणतात, "चांगली चाललेली गाडी उघडली की बिघडते." त्यात तथ्य आहे. खुणा एक दात जरी चुकल्या तरी नवा पट्टा जुन्यापेक्षा घातक ठरेल. पण याचा अर्थ काम टाळावे असा नसून, ते जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे असा आहे. चांगला मिस्त्री पट्टा बसवल्यावर लगेच सेल्फ मारत नाही. क्रँक हाताने पूर्ण दोन वेळा फिरवतो, खुणा पुन्हा जुळतात का ते पाहतो आणि मगच इंजिन सुरू करतो. पट्ट्याबरोबर टेन्शनर आणि आयडलरची बेअरिंगही बदलावीत. तेल गळत असेल तर ऑइल सील त्याच वेळी घालावी. ज्या गाडीत वॉटर पंप याच पट्ट्यावर चालतो, तिथे तोही पाहून घ्यावा. मजुरी एकदाच पडते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे पुष्कळ भाग स्वस्तात मिळतात, जरूर घ्यावेत. पण टायमिंग बेल्ट जुना कधीही घेऊ नये. नवा घ्यावा, पक्क्या बिलावर घ्यावा.

उलट, नसलेल्या पट्ट्याचे पैसेही कोणाला देऊ नयेत. मारुती ८००, ओम्नी, अल्टो ८००, इंडिका डिझेल, जुनी सँट्रो यांत पट्टा आहे. अल्टो के१०, स्विफ्टचे १.३ लिटर डिझेल यांत पट्टा नसून साखळी आहे. तिला अशी ठरावीक मुदत नसते. तिथे इंजिन ऑइल वेळेवर बदलले आणि साखळीच्या आवाजाकडे लक्ष ठेवले म्हणजे झाले.

खर्चाचे म्हणाल, तर समजा पट्टा, बेअरिंग आणि मजुरी मिळून पाच हजार रुपये लागले आणि साठ हजार किलोमीटरपर्यंत निश्चिंती मिळाली. किलोमीटरमागे जेमतेम आठ पैसे पडले. आपल्या गाडीचे खरे आकडे घालून हा हिशेब प्रत्येकाने करून पाहावा. डिझेल-पेट्रोलचा खर्च आपण मालाच्या भावात धरतो, मग हे आठ पैसे का धरू नयेत?

शेवटी दोन शब्द आपल्या मिस्त्री आणि गाड्यांचे सौदे करणाऱ्या बांधवांसाठी. गिऱ्हाईकाची गाडी तुमच्याकडे अमानत असते. पट्टा बदलला की तारीख आणि किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी इंजिनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, जुना पट्टा गिऱ्हाईकाच्या हातात द्या. गाडी विकताना पट्ट्याचे वय माहीत असेल तर विचारण्याआधी सांगा. ऐब सांगून विकलेल्या मालाला चार पैसे कमी येतील, पण तोच गिऱ्हाईक आपल्या भावाला घेऊन पुन्हा तुमच्याच दुकानी येईल. आणि बारवीच्या रस्त्यावर पहाटेच्या अंधारात, माल भरलेल्या गाडीशेजारी तुमचे नाव घेऊन कोणी उभा असणार नाही.