मनाचा थारा

पेरणी आटोपली आणि पावसानं ओढ दिली, की घरातल्या माणसांचे चेहरे बघवत नाहीत. घरधनी बांधावर उभा राहून आभाळाकडं बघतो, घरची बाई डब्यातलं पीठ चाचपते. अशा वेळी कुणी ‘मन शांत ठेवा’ म्हटलं तर रागच येतो. शांती ही पोटभर जेवणाऱ्यांची चैन आहे असं वाटतं. पण ज्यांनी स्वतः दुष्काळ सोसला, घरची माणसं एकामागून एक पोचवली आणि तरीही ज्यांचं मन थाऱ्यावर आलं, त्यांचं म्हणणं ऐकायला काय हरकत आहे? पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात केडगाव आहे. तिथल्या पंडिता रमाबाईंची ही हकिकत.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पुराण सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी पायी फिरे. दुष्काळ पडला तेव्हा आई, वडील आणि थोरली बहीण थोड्याच काळात गेली. रमाबाई आणि त्यांचे भाऊ अनवाणी चालत राहिले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, म्हणून दोघांनी वाळूत खड्डे केले आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढली. १८८० साली तो भाऊही गेला. त्याच वर्षी लग्न झालं, पण १८८२ मध्ये पती वारले. पदरी लहानगी मनोरमा.

१८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता मंडळी म्हणतील, तिथं त्यांना शांती मिळाली असेल. तसं झालं नाही. पुढं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. वाचन चालू होतं, उपासना चालू होती, मन मात्र रितं. अशी आठेक वर्षं गेली. मग १८९१ च्या सुमारास त्यांना उमगलं, की शांती ही आपल्या पुण्याईची मजुरी नव्हे. ती देवानं येशूच्या द्वारे देऊ केलेली देणगी आहे. आपण फक्त हात पुढं करायचा.

त्यानंतर संकटं थांबली का? उलट वाढली. विधवा मुलींसाठी त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं होतं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं होतं. तिथल्या मुली बाटवल्या जातात असा १८९३ साली गलका झाला. रानडे, भांडारकरांसारखे थोर सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. मुलींवर सक्ती नाही, पण मी प्रार्थनेला बसले म्हणून माझ्या खोलीचं दार लावून घेणार नाही, असं बाईंचं म्हणणं होतं. त्या ना चिडल्या, ना हटल्या. उरलेल्या मुलींना घेऊन काम चालू ठेवलं.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. लहानपणीची भूक आठवून त्या तिकडं गेल्या आणि शेकडो अनाथ मुली-बाया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळं त्यांना ठेवण्याची बंदी होती. केडगावला संस्थेच्या उत्पन्नासाठी जमीन घेतलेली होती, तिथं झोपड्या उभ्या राहिल्या. हीच मुक्ती सदनाची सुरुवात. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि माणसं दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या तोंडांचा भार डोक्यावर असलेल्या बाईचं मन कशानं टिकलं? नेमानं प्रार्थना आणि नेमानं काम. मुली शेतात राबत, गाई सांभाळत, माग चालवत, छापखान्यात खिळे जुळवत. आंधळ्या बायांनाही हाताला काम होतं. शांती म्हणजे हातावर हात धरून बसणं, असं तिथं कुणी मानलं नाही.

शेवटचा घाव मोठा होता. १९२१ साली एकुलती एक मनोरमा गेली. आईची कामं हीच लेक पुढं चालवायची होती. रमाबाईंना तोवर ऐकूही कमी येई. तरी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं हाती घेतलेलं काम त्यांनी सोडलं नाही. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. पुढं १९२४ साली त्यांचं संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालं. केडगावचं काम आजही चालू आहे.

येशूनं दोन घरांचा दाखला दिला आहे. एक खडकावर बांधलेलं, दुसरं वाळूवर. पाऊस आणि पूर दोन्ही घरांना सारखाच लागला. विश्वास ठेवणाऱ्याच्या घरावर वादळ येत नाही, असं येशू म्हणाला नाही. फरक होता तो पायाचा. ऐकलेलं जो आचरणात आणतो, त्याचं घर खडकावरचं.

तेव्हा मायबापहो, पावसाची वाट बघताना दिवसाची एक वेळ देवासाठी ठेवा. जमेल ते सगळ्यांनी मिळून मागा. मग उठून आज होण्याजोगं एक काम हाती घ्या. बांध नीट करा, कर्जाचा कागद घरातल्या बाईला उघडून दाखवा, शेजारी कुणाची चूल पेटली नसेल तर दोन भाकरी जास्त थापा. उद्याचं ओझं आज उचललं, तर आजचंही काम होत नाही.