बाई प्रशिक्षक झाली, पुढे काय?

३० डिसेंबर २०२० ची गोष्ट. अमेरिकेतल्या पुरुषांच्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये सॅन अँटोनिओ स्पर्सच्या मुख्य प्रशिक्षकांना पंचांनी भर सामन्यात बाहेर काढलं आणि साहाय्यक बेकी हॅमन यांनी संघ हाती घेतला. तिथे ही जबाबदारी पेलणाऱ्या त्या पहिल्या बाई. ‘पुरुष खेळाडू बाईचं ऐकतील का?’ असं विचारणाऱ्यांना त्या रात्री उत्तर मिळालं. तरीही २०२५ संपेपर्यंत एनबीएच्या एकाही संघाने बाईला मुख्य प्रशिक्षकपदी नेमलं नव्हतं.

पुढे हॅमन महिलांच्या लीगमध्ये गेल्या. त्यांच्या लास वेगास एसेसने २०२२, २०२३ आणि २०२५ मध्ये विजेतेपद मिळवलं. टाळ्या वाजवूच. पण मे २०२३ मध्ये लीगने याच हॅमन यांना दोन सामन्यांसाठी विनावेतन निलंबित केलं. कारण, डेरिका हॅम्बी या खेळाडूशी तिच्या गरोदरपणावरून केलेली वक्तव्यं. छळाचा आरोप हॅमन यांनी नाकारला. हॅम्बीला मात्र त्याआधीच, गरोदर असतानाच, दुसऱ्या संघात धाडलं गेलं होतं. बाळंत होऊन ती त्याच हंगामात मैदानात उतरली.

मैत्रिणींनो, खुर्चीवर बाई बसली की खुर्चीची रीत आपोआप बदलते, या भ्रमात आपण राहू नये. आपल्या संस्थांमध्ये तरी बाळंतपणाच्या रजेचा अर्ज पाहून कपाळाला आठी कोणाच्या पडते? अनेकदा बाईच्याच! म्हणून मागणी दुहेरी हवी : नेतृत्वात बाई हवी आणि तिलाही बांधील ठेवणारा नियम हवा. एकावर भागवून घेऊ नका.