नाच्या, टाळी आणि सरपंच

आनंद यादव यांची ‘नटरंग’ शिकवताना वर्गात एक अडचण हमखास येते. नाच्याचा उल्लेख आला की मागच्या बाकांवर खसखस पिकते, आणि एखादा मुलगा खाली मान घालून पाने उलटू लागतो. त्याच्याविषयी तर्क करण्याचा आपल्याला अधिकार नाही. परंतु ते हसू कोठून येते, याचा विचार शिक्षकाने केला पाहिजे.

कोल्हापूरला ते परके नाही. येथल्याच गणपत पाटलांनी तमाशापटांतला नाच्या घरोघरी पोहोचवला. ते प्रपंची गृहस्थ होते. तरीही पडद्यावरची लकब लोकांनी त्यांच्या आयुष्यावर लादली आणि त्याचा जाच कुटुंबालाही झाला. प्रेक्षकांना नट आणि भूमिका यांत भेद करता आला नाही, असे म्हणून आपण हळहळतो. पण ती भूमिका त्यांच्याबाबत खरी असती, तर तो उपहास क्षम्य ठरला असता काय?

दूरचित्रवाणीच्या विनोदी कार्यक्रमांनी हेच हसू पुढे चालवले. पुरुषाने साडी नेसणे एवढाच पुष्कळदा विनोद असतो. दुसरीकडे सहानुभूतीही आली. लक्ष्मी नारायण त्रिपाठी २०११ साली ‘बिग बॉस’मध्ये दिसल्या. २०२३ साली गौरी सावंत यांच्या आयुष्यावर ‘ताली’ ही वेबमालिका आली. तिचे दिग्दर्शक रवी जाधव. २०१० चा ‘नटरंग’ चित्रपटही त्यांचाच. हा प्रवास मोलाचा आहे, पण अपुरा आहे. सहानुभूती सोसणाऱ्याला मिळते. कारभार करणाऱ्याला हवा असतो तो जाब विचारणारा प्रश्न.

२०१७ साली माळशिरस तालुक्यातील तरंगफळ गावाने ज्ञानदेव कांबळे यांना सरपंच निवडले. २०२१ च्या निवडणुकीसाठी जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांचा महिला गटातील अर्ज नाकारला गेला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अनुमती दिली आणि त्या निवडूनही आल्या. बातम्यांत ‘तृतीयपंथी’ हे विशेषण ठळक राहिले. गावच्या पाण्याचे पुढे काय झाले, हे विचारायला कॅमेरा क्वचितच परत जातो.

ओळख सांगितल्याविना वाट मोकळी होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. २०१४ च्या ‘नाल्सा’ निकालाने तृतीयपंथीयांच्या ओळखीला कायद्याची मान्यता मिळाली; ती झाकण्याचे कारण नाही. मात्र ओळख हा संभाषणाचा आरंभ असावा, शेवट नव्हे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ वरील निकाल लागला, तेव्हा चर्चेला बोलावलेली समलिंगी माणसे अर्थसंकल्पाच्या दिवशी त्याच पडद्यावर का दिसू नयेत? दिशा पिंकी शेख २०१९ साली वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या. प्रवक्त्याला पक्षाची भूमिका विचारायची असते, देहाची कहाणी नव्हे.

खाली मान घालून पाने उलटणाऱ्या त्या मुलाने आजवर पडद्यावर स्वतःसारखा कोणी पाहिलाच असेल, तर तो हसू होताना किंवा रडताना. पाणीपट्टीवर वाद घालणारा सरपंचही त्याला दिसला पाहिजे.