शांत वस्ती आणि बंद फाटक

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका विकावयास निघाली म्हणजे तिच्या जाहिरातीत ‘शांत, सुसंस्कृत वस्ती’ हे शब्द हटकून येतात. मी राहतो त्या खारघरात, टेकड्यांच्या पायथ्याशी, अशा जाहिरातींना तोटा नाही. शांततेबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ‘सुसंस्कृत’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ ‘आमच्यासारखाच’ एवढाच उरला आहे, आणि हा व्यवहार ‘सहकारी’ या पाटीखाली बिनदिक्कत चालतो, हे मला मुळीच मान्य नाही.

घरांच्या बाबतीत हा शब्द आपल्याकडे आला कसा? 1904 चा कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. 1912 च्या कायद्याने इतर संस्थांना वाट मोकळी केली, आणि 1915 साली, पहिले महायुद्ध चालू असताना, मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे धुरीण. इमारत संस्थेच्या मालकीची आणि सभासद आपल्याच संस्थेचा भाडेकरू, अशी तिची घडण होती. एकट्याला जे परवडत नाही ते दहाजणांनी मिळून उभारावयाचे, हा तिचा साधा अर्थ.

कोणी विचारील, ती संस्था तरी एका ज्ञातीचीच होती ना? होती; आणि ते कुंपण मला काही गोड वाटत नाही. परंतु त्या कुंपणाच्या आत निदान सहकार होता. आज आपण सहकार बाहेर फेकून दिला आहे आणि कुंपण तेवढे जपून ठेवले आहे. आपल्या संस्थांतून उरले आहे काय? पाण्याची टाकी, लिफ्टची दुरुस्ती, वाहनतळावरून भांडणे, आणि नवा माणूस आला की त्याच्या आडनावाची चौकशी!

आमच्याच संस्थेतली गोष्ट सांगतो. एका सभासदाने सदनिका विकावयास काढली. गिऱ्हाईक मिळाले, भाव ठरला, इसारही झाला. गिऱ्हाइकाचे नाव कळताच समितीच्या बैठकीत कुजबुज सुरू झाली. “जरा माणूस पाहून द्या,” असे विक्रेत्याला सांगण्यात आले. नकार कोणी दिला नाही. फक्त ना हरकतीच्या पत्रावर सही होईना. ‘पुढच्या बैठकीत पाहू’ करता करता तीन बैठका गेल्या. माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा असे मी म्हणालो. तो नोंदला गेला नाही. शेवटी गिऱ्हाइकाने इसार परत घेतला. त्या गृहस्थाचा दोष एवढाच की त्याचा धर्म आमच्या मजल्यावरच्या धर्माहून निराळा होता.

आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने आपला भाग हस्तांतरित करण्यास संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागतच नाही. पण कर्ज देणारी बँक ते मागते, आणि समितीला ते ठाऊक असते. नाही म्हणावयाचे नाही, कागद अडवावयाचा. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकार कायद्याने खुल्या सभासदत्वाचे तत्त्व लिहून ठेवले, त्यावर आम्ही काढलेला हा उतारा!

यावर विद्वान मंडळी 2005 चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा पुढे करतात. अहमदाबादच्या पारशी संस्थेला सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याची मुभा त्या निवाड्याने दिली, हे खरे. निवाडा मला पटत नाही. पण निदान त्या संस्थेने आपली अट उपविधीत उघडपणे लिहिली होती. आमच्या उपविधीत तसे एक अक्षरही नाही. जे लिहावयाची छाती नाही ते कानात सांगून करावयाचे, याला काय म्हणावे?

आणि हे कुंपण घालावयाचे कोणाच्या जमिनीवर? नवी मुंबई वसविण्यासाठी 1970 साली सिडको स्थापन झाली. खारघर, कोपरा, बेलपाडा, मुर्बी येथील शेतकऱ्यांच्या जमिनी शासनाने संपादन केल्या, आणि सिडकोने भूखंड साधारणतः 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. ज्यांची भातशेती गेली त्यांना कोणी विचारले नव्हते, की येणारा शेजारी तुम्हाला चालेल काय? भाडेपट्ट्याने आलेल्या आम्ही मात्र फाटकाशी उभे राहून माणसे निवडतो.

शांतता हवी तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम सर्वांना सारखा लावा. थकबाकी राहील तेथे वसुली करा. गैरवर्तन होईल तेथे तक्रार करा. मग गैरवर्तन करणारा कोणत्याही आडनावाचा असो. पण वर्तन पाहण्याआधी नाव पाहू नका. ज्याला नकार द्यावयाचा त्याला तो कारणासह लेखी द्या, म्हणजे त्याला निबंधकाकडे दाद तरी मागता येईल. एवढेही जमत नसेल तर पुढच्या वार्षिक सभेत मी एकच ठराव मांडणार आहे: फाटकावरच्या पाटीवरून ‘सहकारी’ हा शब्द पुसून टाकावा. अनुमोदक मिळेल की नाही, कोण जाणे. परंतु या वेळी ठराव लेखी देणार आहे, आणि पोच घेणार आहे.