लॅपटॉपची गिरणी

अभ्यासिकेत लॅपटॉप उघडायची धास्ती असलेली एक जमात प्रत्येक कॉलेजात असते. मीही त्यातलीच. लॅपटॉप ऑन केला की दुसऱ्या मिनिटाला पंखा सुरू, पाचव्या मिनिटाला पिठाची गिरणी, आणि मग शेजारचा एमपीएससीवाला मान वळवून असा बघतो की आपणच ओशाळतो. ऑनलाइन इंटरव्ह्यू असेल तर समोरून प्रश्न येतो, ‘तुमच्याकडे पाऊस पडतोय का?’ ही तक्रार कुणालाही सांगा, सल्ला ठरलेला असतो : ‘जुना झालाय गं तो, नवीन घे!’

मला या सल्ल्याचाच राग आहे. कारण बहुतेक वेळा लॅपटॉप म्हातारा झालेला नसतो, त्याला फक्त श्वास घेता येत नसतो.

आत नेमकं काय चालतं ते बघा. प्रोसेसर तापतो. त्याची उष्णता तांब्याच्या नळीतून कडेच्या बारीक पत्र्यांपर्यंत जाते आणि पंखा खालून हवा ओढून त्या पत्र्यांमधून बाहेर फेकतो. बस, एवढंच. पंखा म्हणजे एसी नव्हे, तो खोलीतलीच हवा फिरवतो. त्यामुळे डिसेंबरात पुण्यात गुपचूप चालणारा लॅपटॉप मे महिन्यात नागपूर-अकोल्यात बोंब मारतो, यात त्याचा काय दोष? खोलीच ४२ अंशांवर असेल तर त्याने थंड हवा आणायची कुठून? आणि प्रोजेक्ट सबमिशन, परीक्षा हे सगळं नेमकं एप्रिल-मे महिन्यांतच येतं. बहुतेक प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचले की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतात. आपण म्हणतो ‘हँग होतोय’. तो बिचारा जीव वाचवत असतो.

त्यात आपली बसायची जागा. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलामुलींकडे टेबल असतं कुठे? कॉट हेच टेबल, डायनिंग आणि एडिटिंग स्टुडिओ. लॅपटॉप गोधडीवर ठेवला की हवा आत घेणारी खालची जाळी बंद. ‘लॅपटॉप नीट वापरा’ म्हणणाऱ्यांनी आधी दहा बाय बाराच्या खोलीत चार कॉट लावून बघाव्यात. तरी एक जाड पुठ्ठा किंवा लाकडी पाट खाली घेतला तरी फरक पडतो. महागडा कूलिंग पॅड नंतर बघू.

मुद्दा असा की आवाज दाबायच्या आधी तो ऐकायला हवा. एकसुरी घोंगावणं म्हणजे उष्णता. खरखर, खडखड म्हणजे पंख्याचं बेअरिंग गेलंय, पंखा बदला. काहीच उघडलेलं नसताना घोंगावत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर बघा. कधी अपडेट चालू असतं, कधी ब्राउझरचे चाळीस टॅब. आणि कधी फुकटात मिळालेल्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरबरोबर कुणीतरी तुमच्या लॅपटॉपवर स्वतःसाठी क्रिप्टो खणत बसलेलं असतं! आमच्या वर्गातला आवडता जुगाड म्हणजे पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करणं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याने टर्बो बंद होतो आणि आवाजही उतरतो. नोट्स टाइप करायला मस्त. पण व्हिडिओ रेंडर करायला बसलात की कळतं, आपण शांततेची किंमत वेगात मोजतोय.

खरा इलाज कंटाळवाणा आहे. आतली धूळ काढणं आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलणं. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर हे काम करणारी माणसं आहेत. मग आपण ते करत का नाही? कारण कुणी सांगतच नाही. माझ्या मैत्रिणीला एका सर्व्हिस सेंटरवर सांगितलं गेलं, ‘मदरबोर्डचा प्रॉब्लेम आहे, यापेक्षा नवीन मॉडेल बघा.’ गल्लीतल्या दादांनी मागचं झाकण उघडून धुळीची अख्खी गादी बाहेर काढली. लॅपटॉप आजही चालतोय. अर्थात वॉरंटी शिल्लक असेल तर आधी तिच्या अटी वाचा, मगच झाकणाला हात लावा.

लॅपटॉप विकताना रॅम, स्क्रीन, बॅटरी सगळं मोठ्या अक्षरांत छापतात. पंखा किती आवाज करतो आणि साफ करायला किती स्क्रू काढावे लागतात, हे कुठे लिहिलेलं असतं? फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसारख्या वस्तूंवर ‘दुरुस्ती किती सोपी’ याचे दहापैकी गुण दाखवावे लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. चांगलंच आहे. पण मला पोर्टलवर शोधायला लागू नये, दुकानातल्या खोक्यावरच ते गुण दिसावेत.

आणि कॉलेजांचं काय? असाइनमेंटला जड सॉफ्टवेअर सक्तीचं करायचं आणि ते कुठल्या मशीनवर चालणार हे विद्यार्थ्याच्या नशिबावर सोडायचं, हे बरोबर नाही. सेमिस्टरला एक दिवस लॅपटॉप सफाईचा ठेवा. इंजिनीअरिंगची, आयटीआयची मुलं हे काम शिकतील, बाकीच्यांचे लॅपटॉप अजून दोन वर्षं टिकतील. फेस्टच्या एका बॅनरपेक्षा खर्च जास्त नसेल.

पंखाच नसलेले, अजिबात आवाज न करणारे लॅपटॉप बाजारात आहेत. २०२० मध्ये आलेला एम-वन चिपचा मॅकबुक एअर तसाच. पण तो परवडणारे वर्गात किती जण? शांतता ही अशी विकत घ्यायची गोष्ट झाली की ज्याचा लॅपटॉप आवाज करतो तो मागच्या बाकावर जाऊन बसतो, मीटिंगमध्ये माइक बंद ठेवतो आणि हळूहळू बोलायचंच टाळतो. म्हणून पुढच्या वेळी शेजारी कुणाची गिरणी सुरू झाली तर मान वळवून बघू नका. त्याला जवळच्या रिपेअरवाल्या दादांचा पत्ता द्या.