एका चहाचें प्रायश्चित्त

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक मंगल पण नाजूक प्रसंग उपस्थित झाला. धाकट्या चिरंजीवांनीं आपली जोडीदारीण आपणच पसंत केली. मुलगी सुशिक्षित, मनमिळाऊ, त्याच्याच कचेरींत कामाला. माहेर घणसोली गांवांतलें, जात आगरी. आम्हीं होकार दिला. हल्लींच्या काळांत होकारावांचून आईबापांच्या हातीं दुसरें उरतें काय, असें कोणी म्हणेल. परंतु आमचा होकार मनापासूनचा आहे, अशी माझी समजूत होती.

मुलीच्या आईनें आग्रहानें जेवावयास बोलाविलें. "घरींच या, ताई. तुमच्यासाठीं सारें शाकाहारी करीन," असेंहि त्या आपण होऊन म्हणाल्या. त्यावर मी पटकन् बोलून गेलें, "कशाला उगीच त्रास? तिकडेच एखाद्या चहाच्या दुकानांत भेटूं. सगळ्यांनाच सोयीचें पडेल." त्या क्षणभर थांबल्या व "बरें," म्हणाल्या. त्या क्षणभराच्या थांबण्याचा अर्थ मला मागाहून उमगला.

एका रविवारीं चिरंजीव, मी आणि शहाऐंशी वर्षांच्या आमच्या आत्याबाई ठाण्याहून वाशीच्या गाडीनें घणसोलीस उतरलों. १९७० मध्यें सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठीं या बाजूच्या गांवांचीं शेतें गेलीं. भोंवतालीं आंखीव रस्ते आले. गांव मात्र मधोमध राहिलें. अरुंद गल्ल्या, एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या इमारती, आणि त्यांच्या आड एखादें जुनें घर.

मुलें ज्याला 'टी बार' म्हणतात, तें दुकान एखाद्या जुन्या रेल्वे स्टेशनासारखें सजविलेलें होतें. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत नांव, भिंतीवर मोठें गोल घड्याळ, बसावयास लांकडी बांकें. थालीपीठ, साबुदाण्याचे वडे, मिसळ असे ओळखीचे पदार्थ होते. पण चहाची यादीच दोन पानांची! हिरवा, काळा आणि ऊलाँग हे सारे एकाच झाडाच्या पानांचे प्रकार. खुडल्यावर पानांवर हवेची क्रिया किती होऊं द्यावयाची, एवढ्यावर त्यांचा भेद अवलंबून, हें तेथल्या मुलानें मोठ्या उत्साहानें समजावून दिलें. हिरव्या चहावर उकळतें पाणी ओतलें तर तो कडवट होतो. पाणी ऐंशी अंशांच्या आसपास असावें, ही त्याची सूचना गृहिणींनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आम्हीं दार्जिलिंगचा पहिल्या बहराचा चहा मागविला. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत खुडलेल्या कोंवळ्या पानांचा हा चहा दुधावांचून घ्यावयाचा असतो. किटलीबरोबर वाळूचें छोटें घड्याळहि आलें. वाळू खालीं उतरेपर्यंत कोणीच कांहीं बोलेना.

ती कोंडी आत्याबाईंनीं फोडली. भोंवतालचा थाट न्याहाळीत त्या म्हणाल्या, "स्टेशन हुबेहूब केलें आहे खरें. पण आमच्या वडिलांच्या वेळीं स्टेशनावर हिंदूंचें पाणी निराळें, मुसलमानांचें निराळें, चहाचेंहि तसेंच. तेवढें मात्र यांनीं गाळलें, हें बरें केलें!" मग त्यांनीं मुलीला पंचहौदाची गोष्ट सांगितली. पुण्यास पंचहौद मिशनमध्यें ऑक्टोबर १८९० मध्यें व्याख्यानानंतर मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. न्यायमूर्ति रानडे आणि लोकमान्य टिळक हे दोघेहि त्या मंडळींत होते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव यांनीं उपस्थितांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत प्रसिद्ध केलीं. गांवांत गहजब झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें आणि रीतसर चौकशी बसली. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं १८९२ मध्यें तें घेतलें. एवढे थोर पुरुष, आणि वाद पेलाभर चहाचा!

मुलगी मनमोकळेपणीं हंसली. आम्ही सारींच हंसलों. तोंच आत्याबाई तिच्या आईकडे वळून म्हणाल्या, "पण काय हो, तुम्हीं तर आम्हांला घरीं बोलाविलें होतें ना? मग आपण इथें कां बसलों आहोंत?"

माझ्या हातांतला पेला हातांतच राहिला. उत्तर मीं द्यावयाचें होतें. दिलें तें त्या माउलीनें. "जिने चढायला त्रास होईल म्हणून ताईंनींच विचार केला असेल," असें म्हणून त्यांनीं वड्यांची बशी माझ्यापुढें सरकविली. मला आयुष्यांत पुष्कळांनीं टोंचून बोलून लाजविलें आहे. पण असें सांभाळून घेऊन कोणींच लाजविलें नव्हतें.

वाचकहो, त्या दुकानाच्या मुदपाकखान्यांत थालीपीठ कोणीं थापलें, हें मीं विचारलें नव्हतें. गेल्या कित्येक वर्षांत कोठल्याहि उपाहारगृहांत विचारलेलें नाहीं, आणि त्याचा मला अभिमानहि वाटत असे. आतां कळतें कीं त्यांत अभिमान वाटण्यासारखें फारसें कांहींच नव्हतें. दुकानांतल्या अन्नाचे पैसे दिले कीं संबंध संपला. घरचें अन्न पैसे घेत नाहीं; तें नातें मागतें. मुलाच्या लग्नाला मीं होकार दिला होता, आणि त्या नात्याच्या पहिल्याच घांसाला सोयीच्या नांवाखालीं नकार दिला होता. त्या जुन्या चौकशीला आम्ही हंसत होतों. पण तसलीच एक चौकशी माझ्या मनांत गुपचूप बसलेली होती, आणि ती उठविण्यास शहाऐंशी वर्षांची म्हातारी लागली.

पैसे चुकते झाल्यावर मी म्हणालें, "आतां घरीं जाऊं या."

"चहा तर झाला, ताई," त्या म्हणाल्या.

"तुमच्या हातचा कोठें झाला?"

घर पांच मिनिटांच्या वाटेवर, दुसऱ्या मजल्यावर होतें. आत्याबाई नातवाचा हात धरून सावकाश जिना चढल्या. चहा दुधाचा, गवती चहाची पात घालून उकळलेला, माझ्या जिभेला अंमळ गोडच होता. मीं तो शेवटच्या थेंबापर्यंत घेतला. पुढच्या रविवारचें जेवण तेथेंच ठरलें. तांदळाच्या भाकरीची फर्माईश आत्याबाईंनीं आधींच करून ठेवली आहे.

रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावें लागलें तें चहा घेतल्याबद्दल. माझें प्रायश्चित्त न घेतलेल्या चहाबद्दल होतें, आणि तें घेतांना मला फार हलकें वाटलें.