हप्ता मंजुरीच्या दिवशीच सांगा

प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की आपल्या बँकेच्या शाखेत शैक्षणिक कर्जाचे अर्ज येऊ लागतात. जागा निश्चित करायची मुदत दोन-तीन दिवसांवर आलेली असते, पालक घायकुतीला आलेले असतात आणि आपण कागद तपासत बसतो: साडेसात लाखांच्या वर तारण आहे का, सहकर्जदाराचा सिबिल गुणांक किती, उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा. कर्ज फिटायचे असते मुलाच्या पगारातून. त्या पगाराविषयी मात्र आपण क्वचितच विचारतो.

एक हिशेब मांडू. चार वर्षांच्या अभियांत्रिकीसाठी दरवर्षी सुरुवातीला दीड लाख, असे 6 लाख रुपये 10 टक्के दराने दिले. शिक्षणाची चार वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळव्याज चालूच असते. परतफेड सुरू होईपर्यंत 2 लाख 10 हजार रुपये व्याज साचते. ते मुदलात मिळवले की दहा वर्षांचा हप्ता सुमारे 10,700 रुपये बसतो. मुदत पंधरा वर्षे केली तर हप्ता 8,700 वर येतो, पण एकूण फेड साडेपंधरा लाखांच्या पुढे जाते. पहिल्या नोकरीत हातात वीस-बावीस हजार पडतात, त्यातून पुण्यातले खोलीभाडे द्यायचे असते, अशा मुलीला यातला कोणता हप्ता झेपेल?

हप्ते थकून नव्वद दिवस उलटले की खाते अनुत्पादक होते. सिबिल बिघडतो तो मुलीचा आणि सहकर्जदार म्हणून सही केलेल्या वडिलांचाही. वडील शेतकरी असले तर पुढच्या खरिपात पीककर्ज मागताना हीच नोंद आडवी येऊ शकते. नियमित फेडणारेही मोकळे नसतात. मिळेल ती नोकरी धरायची, पुढचे शिक्षण सोडायचे, स्वतःचे वर्कशॉप काढायचा विचार लांबवायचा. उद्या गृहकर्जाला आणि लघुउद्योगाच्या कर्जाला हीच पिढी आपल्याकडे यायची आहे.

म्हणून कर्ज नाकारावे, असे मुळीच नाही. ज्यांच्या घरात जमीन किंवा ठेव नाही, त्यांच्यासाठी शिक्षणाचे दार या कर्जानेच उघडते. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला 2015 पासून 75 टक्के पतहमी आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना, निवडक संस्थांतील शिक्षणासाठी, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत आहे. विद्यार्थ्याचा सिबिल कमी म्हणून त्याचा अर्ज फेटाळता येणार नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्येच सांगितले. उणीव आहे ती आपल्या चौकशीत. महाविद्यालयाच्या फलकावर सर्वांत मोठे पॅकेज झळकते. आपण त्या अभ्यासशाखेतल्या मधल्या विद्यार्थ्याचा पगार मागायला हवा. तो आकडा संस्था देत नसेल, तर पालकांना तसे स्पष्ट सांगायला हवे.

मंजुरीपत्रासोबत परतफेडीचा खरा हप्ता मराठीत छापून द्या. शिकत असतानाच व्याज भरले तर किती वाचते, तेही सोबत दाखवा. आणि पहिला हप्ता चुकताच नोटीस काढण्याआधी त्या मुलाला फोन करा.